कावेरीच्या नावावर काय होतं?

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं. डॉ. श्रीराम लागूंचा आप्पा बेलवलकर बघून लोक रडले. २०१६ साली नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हाही रडले. इथं अजिंठ्यात दोस्ताच्या मोबाईलवर पाहताना रडू मलाही आलं, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसल्यावर हिशेब मांडावा लागतो.

आप्पा मिळकत लेकरांना वाटून टाकतो आणि बेघर होतो. म्हणजे दुःखाची सुरुवातच मिळकतीपासून. आणि त्याची बायको कावेरी? तिच्याकडं वाटायला काय होतं? आधी लेकाचं घर, मग लेकीचं, मग मरण. स्वगतं सगळी आप्पाची. घर मागायची भाषासुद्धा नाटककारानं बाईला दिली नाही. शेवटी आप्पाला जवळ करतो तो बूटपॉलिशवाला राजा. त्याच्या घरादाराचं दुःख नाटकाचा विषय होत नाही, हे जाता जाता.

दोस्तहो, आपल्या वस्तीत आप्पा थोडे, कावेऱ्या ढीगभर. लोकांच्या रानात जन्म काढून कुडाचं घर पत्र्याचं केलं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव आधी नवऱ्याचं, तो गेल्यावर पोराचं. भाऊ वेगळे निघाले की म्हातारी पाळीनं फिरते, गिरणीतल्या पाळीसारखी. भांडण भाकरीचं नसतंच. तिची वाकळ कुठल्या कोपऱ्यात टाकायची, याचं असतं. सुनेला कैदाशीण ठरवलं की पोरगं मोकळं! नाटकातही सुनेचा कडूपणा ठळक, लेक गुळमुळीत.

आपली कविता तरी काय करते? आई मोळी वाहते, दगड फोडते तोवर ती कवितेत असते. हात थकले की कुठं जाते?

या बाबतीत २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा नाटकाच्या पुढं गेला. त्यातलं कलम २३ आप्पासाठी आहे: सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत फिरवता येते. पण निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, कपडा, दवापाण्याबरोबर निवाराही धरलाय. तो कावेरीचा. नावावर कागद नसला तरी ती लेकाकडं मागू शकते. म्हणून सुनेला हाकलायचं असंही नाही. तिचा राहण्याचा हक्क या कायद्यानं सरसकट पुसता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात. वकील लागत नाही. म्हातारीला जमत नसेल तर ती सांगेल तो माणूस अर्ज करू शकतो. म्हणजे हे पान वाचणारा कुणीही.