क्रँक: हात पक्का, नोंद कच्ची

राजदूत ३५०, आरएक्स १००, येझदी या मोटारसायकलींचे मूळ उत्पादन थांबून दशके लोटली, तरी शर्यतीसाठी त्यांची इंजिने आजही बांधली जातात. अशा इंजिनाचे आयुष्य क्रँकवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यावर, ठरते. क्रँक भरण्याच्या, म्हणजे सुट्या भागांतून तो जुळवण्याच्या, कामात कोल्हापूर आज कुठे उभे आहे, हे तपासायला हवे. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार या जुन्या यंत्रउद्योजकांचा वारसा सांगणाऱ्या इथल्या उद्यमनगराकडून अपेक्षाही तशीच मोठी असणार.

या गाड्यांचा क्रँक अखंड नसतो. चकत्या, पिन आणि कनेक्टिंग रॉड प्रेसवर दाबून तो जुळवतात. पिन तिच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी जाड असते आणि सारी पकड तेवढ्यावरच असते. १९८३ साली आपल्याकडे आलेल्या राजदूत ३५० मध्ये अशा चार चकत्या आणि दोन पिना. दोन्ही पिस्टन एकमेकांच्या १८० अंशांत. इंजिनाचे फेरे वीस टक्क्यांनी वाढवले की पिस्टनच्या जडत्वाचा जोर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. पकड ढिली असेल तर चकती पिनेवर सरकते, एका सिलिंडरचा टायमिंग बिघडतो आणि बेअरिंग जाते.

क्रँक सरळ करण्यात आपला कारागीर कुठेही कमी नाही. तो सेंटरवर क्रँक फिरवतो, डायल गेजच्या काट्यावर नजर ठेवतो, चकतीवर तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका देतो आणि पुन्हा फिरवून बघतो. मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपर्यंत काटा आणणारे हात इथे आहेत.

खरी उणीव त्याआधीच्या पायरीवर आहे. वारंवार पिन काढल्याने भोक मोठे होते, पण ते मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजून लिहून ठेवण्याची पद्धत क्वचितच दिसते. मग ढिली पकड लपवायला पिनेच्या टोकाला वेल्डिंग मारतात. शर्यतीच्या क्रँकला वेल्डिंग रास्त आहे, पण पकड मुळात घट्ट असेल तेव्हाच. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने क्रँक वाकतो, म्हणून तो नंतर पुन्हा डायलवर घ्यावाच लागतो. पिनेचेही तसेच. बाहेरून कठीण आणि आतून चिवट अशी केस हार्डनिंग केलेली पिन हवी. बाजारातल्या बेनामी किटमधली पिन मात्र कडकपणा न तपासताच आत जाते.

ज्या शहरातल्या फाउंड्र्या ट्रॅक्टर आणि मोटारींच्या कास्टिंगसाठी वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात, कडकपणा मोजतात, त्याच शहरात क्रँक अंदाजावर भरला जावा, हे पटणारे नाही. साधने शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, गोकुळ शिरगावच्या वसाहतीत आहेत. ती काही किलोमीटर पलीकडच्या छोट्या गाळ्यापर्यंत पोचत नाहीत, एवढेच.

माझे मत स्पष्ट आहे: कोल्हापूरचा क्रँक सरळ असतो, पण भरवशाचा म्हणण्याजोगा अजून झालेला नाही. प्रत्येक क्रँकसोबत पिनेचा कडकपणा, भोकाचे माप आणि डायलचे शेवटचे वाचन लिहिलेला कागद द्या. गाडीमालकांनीही तो मागून घ्यावा आणि त्या मेहनतीचे पैसे घासाघीस न करता मोजावेत.