एकच रंग कशासाठी?

गेल्या दिवाळीत अंगणात काढलेला आमच्या घरचा फोटो परवा पुतण्याने मला दाखवला. सारे चित्र त्याने काळेपांढरे केले होते. रंग राखला होता तो एकट्या आकाशकंदिलाचा. "काका, कसा वाटतो?" मास्तराला असे विचारणे म्हणजे संकट ओढवून घेणेच!

कृती अवघड नाही. रंगीत फोटोवर त्याचीच एक प्रत ठेवायची, वरच्या प्रतीतला रंग काढून घ्यायचा आणि हवी तेवढीच जागा पुसून खालचा रंग मोकळा करायचा. अवघड आहे ती निवड.

ही युक्ती जुनीच. आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५) या मूकपटात बंडखोर नाविकांचा झेंडा लाल दिसावा म्हणून फिल्मच्या एकेका चौकटीवर हाताने रंग भरला होता. कुरोसावाच्या 'हाय अँड लो' (१९६३) मध्ये धुराड्यातून गुलाबी धूर निघतो आणि अपहरण करणाऱ्याचा माग लागतो. स्पिलबर्गच्या 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) मध्ये क्राकोच्या ज्यू वस्तीतून माणसे हाकलली जात असताना एका चिमुरडीचा कोट तेवढा लाल दिसतो. पुढे तोच कोट प्रेतांच्या गाडीवर दिसतो. हे बोट दाखवणे कुणाला भडक वाटेल. मला नाही वाटत. त्या गर्दीतले एक मूल आपण ओळखू लागलो होतो, म्हणून तर दुसऱ्यांदा तो लाल रंग पाहवत नाही.

या तिन्ही ठिकाणी रंग काढून घ्या, कथेचेच काहीतरी हरवेल. आमच्या कंदिलाचा रंग काढला तर काय हरवते? काहीच नाही. उलट तो डोळे आपल्याकडे ओढून घेतो, आणि कोपऱ्यात पणती घेऊन उभी असलेली माझी आई कुणाला दिसतच नाही. ती तिची शेवटची दिवाळी होती.

मी एवढेच म्हणालो, "आजी कुठे आहे?"

तो काही बोलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला. आता रंग होता फक्त पणतीच्या ज्योतीला. तिचा उजेड आईच्या हनुवटीवर पडला होता, तोही त्याने रंगातच ठेवला होता. तेवढे मला सुचले नव्हते.

मूळ रंगीत फोटो मात्र जपून ठेव, असे मी त्याला बजावले. आईचे लुगडे हिरवे होते, हे पुढे कुणाला तरी ठाऊक असायला हवे.