पाठ्यपुस्तकाशी वाद : ग्रँट डफ, कीर्तने आणि इतिहासाचे अध्यापन

युरोपीय ज्ञानोदयाच्या लेखकांनी तरुणांस इतिहास शिकविताना दोन हेतू बाळगले होते : नागरिकत्वाचे धडे देणे आणि पुराव्याची पारख शिकविणे. जोसेफ प्रीस्टली यांच्या १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासविषयक व्याख्यानांत सार्वजनिक जीवनाची तयारी आणि नाणी, शिलालेख, दस्तऐवज यांचा विचार हे दोन्ही आढळते. हे दोन हेतू परस्परांस नेहमीच पूरक ठरतात काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

याचे उद्बोधक उदाहरण पुण्यातच सापडते. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रँट डफ यांनी मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. तळटीपांतून मराठी कागदपत्रांचा हवाला देणारा हा ग्रंथ पद्धतीने नव्या वळणाचा होता. मात्र मराठी सत्तेचा उदय त्याने सह्याद्रीतील वणव्याच्या उपमेने समजावला. कॅप्टन डेव्हिड केपन व बाबा साने यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळांतून वाचला जाऊ लागला. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती निष्कर्ष आला. कागद आले नाहीत.

१८६७-६८ च्या सुमारास डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथावरील आपली टीका पुण्यातील तरुणांच्या सभेत वाचली. तीत त्यांनी ग्रंथातील उणिवा व चुका दाखविल्या. या टीकेचे महत्त्व केवळ स्वाभिमानात नाही. पुराव्याची जी कसोटी ग्रंथकाराने इतरांस लावली, तीच त्यांनी ग्रंथकारास लावली.

पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४) इतिहासास स्वत्वजागृतीचे साधन केले आणि १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने जुन्या बखरी व पत्रे छापून वाचकांपुढे ठेवली. पहिल्या कार्याचा प्रभाव निर्विवाद आहे. तथापि तेथे एका निष्कर्षाच्या जागी दुसरा निष्कर्ष बसण्याचा धोका संभवतो. दुसऱ्या कार्याने वाचकास स्वतः निर्णय करण्याची सामग्री दिली. भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० मधील स्थापना याच वाटेवरची होय.

आजच्या महाविद्यालयीन वर्गातही विद्यार्थी बहुधा निष्कर्षच पाठ करतो. एखादे मूळ पत्र आणि त्यावरील दोन परस्परविरोधी मते वर्गात शेजारी ठेवली, तर अभ्यासक्रम कदाचित मंदावेल. परंतु पाठ्यपुस्तकाशी साधार वाद घालू शकणारा विद्यार्थी घडविणे हीच अध्यापनाची खरी फलश्रुती मानावी लागेल.