‘माझा प्रवास’ व निवेदकाची निवड

१८५७-५८ च्या धामधुमीवर कथा लिहूं पाहणारे लेखक बहुधा राणी लक्ष्मीबाईंच्या अंतःकरणांत शिरून बोलूं लागतात. त्या अंतःकरणाचा कागद कोणाच्याच हातीं नाहीं. निवेदक असा निवडण्यांत हानि कोणती, हें विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून चांगलें कळतें.

गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरचें कर्ज फेडावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें ते उत्तरेकडे गेले आणि १८५८ सालीं झांशीच्या वेढ्यांत सांपडले. आपण इतिहास पाहत आहों असा आव त्यांनीं कोठेंच आणलेला नाहीं. द्रव्याची व जिवाची काळजी त्यांस क्षणभर सोडीत नाहीं. म्हणूनच झांशी पडल्यावर गोरे शिपाई घरांत शिरले तें ते सांगतात, तेव्हां लपून बसलेल्या माणसाचें भय वाचकास कळतें. तोफांची संख्या काय, कोणतेंही सरकारी दप्तर सांगेल! पुढें काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांस राणी भेटते. पठाणी पोषाख, अंगभर धूळ, घशास कोरड. भटजी पाणी काढूं लागतात. ती त्यांस थांबवून स्वतः पाणी काढते व ओंजळीनें पिते. हाच प्रसंग राणीच्या तोंडीं घातला असता तर त्यास आत्मस्तुतीचा वास आला असता.

मात्र भटजींचा ‘मी’ सर्वत्र सारखा विश्वसनीय नाहीं. लेखन सुमारें २५ वर्षांनंतरचें. जून १८५८ मध्यें ग्वाल्हेरजवळ राणी पडली तेव्हां ते तेथें नव्हते. तो मजकूर ऐकीव आहे, आणि तेथें त्यांची वाणी बखरकाराच्या वळणावर जाते. भाऊसाहेबांच्या बखरीचा कर्ताही डेऱ्यांतील संवाद असेच निःशंकपणें सांगतो.

चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ सालीं हा ग्रंथ प्रसिद्ध केला, हे त्यांचे मोठे उपकार. परंतु भाषेंत व मजकुरांत त्यांनीं केलेले फेरफार आम्हांस मान्य नाहींत. भिक्षुकाचें बोलणें ग्रंथकाराचें झालें कीं पाहणारा कोण हेंच पुसट होतें. दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली १९६६ ची आवृत्तिच अभ्यासकानें व कथालेखकानेंही हातीं धरावी, आणि प्रत्येक प्रसंगापुढें समासांत ‘पाहिलें’ कीं ‘ऐकिलें’ एवढें टिपून ठेवावें.