अकीलाची भाषा आणि आमची

‘अकीला अँड द बी’ हा अमेरिकन चित्रपट २००६ साली आला. डग ॲचिसन त्याचे लेखक आणि दिग्दर्शक. वालचंदनगरला तो कुठल्या थिएटरात लागण्याची शक्यता नव्हतीच. आम्ही तो दोन-तीन वर्षांनी पुण्याहून आणलेल्या सीडीवर, घरातल्या टीव्हीवर पाहिला. पाहण्याचे कारण निव्वळ नाव. अकीला! आमच्या नात्यात दोन अकीला आहेत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बुद्धिमान. आपण मराठीत उठता-बसता ज्याचा उद्धार करतो तो ‘अक्कल’ हा शब्द त्याच घराण्यातला. चित्रपटातली अकीला अँडरसन मुसलमान नाही, दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या काळ्या वस्तीतली अकरा वर्षांची मुलगी आहे. तरीही सिनेमा संपला तेव्हा ती आम्हाला आमच्या मोहल्ल्यातलीच वाटली. असे का वाटले, याचा शोध घेण्यासाठी हे लिहीत आहोत.

कथा साधी आहे. वडील गोळीबारात गेलेले, आई नोकरी आणि घर यांच्यात पिचलेली, शाळा नावालाच. मुलीला शब्दांचे वेड, पण वर्गात हुशार दिसले की मुले छळतात, म्हणून ती हुशारी लपवते. शाळेचे मुख्याध्यापक तिला स्पेलिंगच्या स्पर्धेत ढकलतात. रजेवर असलेले प्राध्यापक डॉ. लॅराबी तिला शिकवायला तयार होतात. शाळा, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचते. अशा चित्रपटात शेवटी काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. ते कळूनही आपण बसून राहतो, यात केकी पामर या बालकलाकाराचा वाटा मोठा आहे. शब्द आठवताना ती बोटांनी मांडीवर ताल धरते, दोरीवरच्या उड्यांच्या लयीत अक्षरे मांडते. घोकंपट्टीचे इतके देखणे रूप आम्ही दुसऱ्या चित्रपटात पाहिलेले नाही. मदरशात डोलत सबक पाठ केलेल्या कोणालाही ही लय ओळखीची वाटेल.

पण आमच्या मते या चित्रपटाचा खरा गाभा स्पर्धेत नाही. तो लॅराबी आणि अकीला यांच्या पहिल्या भेटींत आहे. लॉरेन्स फिशबर्नने उभा केलेला हा गुरू स्वतः काळा आहे, विद्वान आहे, आणि त्याच्या घरात शिरताना वस्तीची भाषा बाहेर ठेवून ये अशी त्याची अट आहे. पोर चिडते, निघून जाते, परत येते. अट मान्य करते. पुढे ती उत्तम इंग्रजी बोलू लागते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. दिग्दर्शकाला ही प्रगतीची पायरी वाटते. आम्हाला तिथे थांबावेसे वाटते.

आमच्या घरी दखनी बोलत. ‘कायकू’, ‘नक्को’, ‘हौ’, ‘मेरेकू’ ही आमची आईची भाषा. दाराबाहेर मराठी, ऊसतोडीला आलेल्यांशी आणखी वेगळी मराठी, शाळेत पुस्तकातली मराठी. वालचंदनगर हे कारखान्याने वसवलेले गाव. शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती गाव वाढले. पुढे इथेच साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली, इस्रोच्या रॉकेटांचे भागही बनले. त्यामुळे कामाच्या निमित्ताने कुठून कुठून आलेली माणसे इथे शेजारी राहिली. साहेबांची कॉलनी, कामगारांच्या चाळी, पलीकडे वस्त्या. शाळेच्या बाकावर मात्र सगळी एकत्र. आमच्या कानाला एका दिवसात चार भाषा बदलायची सवय त्या बाकावरच लागली.

सातवीत असताना आम्ही वक्तृत्व स्पर्धेत उतरलो. आपल्याकडे स्पेलिंगची स्पर्धा नसते, कारण देवनागरीत जसे बोलावे बहुतांशी तसेच लिहावे. आपली खरी ‘बी’ म्हणजे शुद्धलेखनातले ऱ्हस्व-दीर्घ आणि वक्तृत्वातले ‘न’ आणि ‘ण’. घरात ‘पानी’, शाळेत ‘पाणी’. आमच्या एका गुरुजींनी महिनाभर रोज मधल्या सुट्टीत आमच्याकडून ‘ण’ घोटवून घेतला. तो ‘ण’ जिभेवर बसला. दुसरा क्रमांक आला. बक्षीस देताना एक परीक्षक माईकवर म्हणाले, मुसलमान असूनही पोराचे मराठी किती शुद्ध आहे पाहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही खूश होतो. त्या वाक्यातला ‘असूनही’ टोचायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. मात्र एक गोष्ट त्याच दिवशी झाली. घरी परतताना अम्मीने रस्त्यात मोठ्याने “कित्ता अच्छा बोल्या रे” म्हटले, आणि मागून मित्र येत होते म्हणून आम्ही तिला हळू बोलायला सांगितले.

लॅराबीची अट ऐकताना आम्हाला ती संध्याकाळ आठवली. चित्रपट मात्र अकीला घरी परतल्यावर आईशी कोणत्या भाषेत बोलते, तिला तिथे आता अडखळायला होते का, या प्रश्नाकडे फिरकत नाही. उलट आईचा विरोध हाच अडथळा म्हणून रंगवतो. अकीला संमतीपत्रावर मेलेल्या वडिलांची सही करते, तो प्रसंग या सिनेमातला सर्वांत धारदार प्रसंग आहे. ज्या बापाला शब्द आवडत त्याच्याच नावाने ती खोटे लिहिते. प्रगतिपुस्तकावर स्वतःच अंगठा उठवणारी पोरे आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे त्या सहीतला एकटेपणा आम्हाला नवा नव्हता. अँजेला बॅसेटने आई इतकी समजून केली आहे की पटकथा तिच्यावर अन्याय करत असतानाही आपण तिच्या बाजूने राहतो.

चित्रपटाची भरपाई उत्तरार्धात होते. लॅराबी तिला शिकवणे थांबवतो, पोर एकटी पडते, आणि मग सगळी वस्तीच शिकवणी घेऊ लागते. शब्दांची कार्डे घेऊन दुकानदार, शेजारी, इतकेच काय, नाक्यावरचा गुंडही तिचे पाठांतर घेतो. ही कल्पना भाबडी आहे, हे मान्य. पण इथे पहिल्यांदाच वस्ती ही बाहेर ठेवून यायची वस्तू राहत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवसांत – ती तेव्हा चौथी-सातवीला असे, २०१७ पासून पाचवी-आठवीला होऊ लागली – आमच्या गल्लीतही असेच काहीसे चाले. स्वतः चौथीत शाळा सोडलेला पंक्चरवाला पोरांना पाढे विचारी. त्याला सतराचा पाढा येत नसे, म्हणून तो नेमका तोच विचारी आणि पाठ करून घेई.

याच्या शेजारी ‘दहावी फ’ ठेवून पाहिला पाहिजे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट २००२ सालचा, म्हणजे अकीलाच्या आधीचा. गुणांच्या उतरंडीने पाडलेल्या तुकड्या, ‘अ’ तुकडीच्या मुलांचे टोमणे, त्यातून पेटलेली भांडणे आणि ‘फ’ तुकडीने केलेली प्रयोगशाळेची मोडतोड. अतुल कुलकर्णींचे देशमुख सर या मुलांना शिक्षेपासून नुसते वाचवत नाहीत, झालेले नुकसान कष्ट करून भरून द्यायला लावतात. मुले कामाला लागतात. इथे कोणी मंचावर उभे राहून एकेक अक्षर उच्चारत नाही, कोणाला चषक मिळत नाही. शर्यतीत एक पोर पुढे काढण्यापेक्षा शर्यतीची आखणीच कशी झाली हे दाखवणे या जोडीला महत्त्वाचे वाटले. देशमुख सरही मुलांना बदलतात, पण तुमचे घर दाराबाहेर ठेवा असे म्हणत नाहीत. मुलांच्या हातांना जे येते तिथूनच ते सुरुवात करतात. मराठीत या चित्रपटाचे कौतुक झाले, पण त्याच्या पावलावर पाऊल टाकून फारसे कोणी गेले नाही. २०१० साली महेश मांजरेकरांचा ‘शिक्षणाच्या आयचा घो’ आला, त्यात परीक्षेच्या धास्तीने बाप-लेकाची होणारी फरफट होती. भरत जाधवांनी बाप छान केला, परंतु प्रश्न मुख्यमंत्र्यांच्या दारात नेऊन सोडवण्याची घाई त्या चित्रपटाला नडली.

आणि आमची अकीला? ती मराठी पडद्यावर यायची आहे. साहित्य नसते असे नाही. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा अन्सार शेख हा रिक्षाचालकाचा मुलगा. २०१६ साली लागलेल्या निकालात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात ३६१ वा आला. त्याच्यावर बातम्या झाल्या, सत्कार झाले, व्याख्याने झाली. पण त्याने स्वतः सांगितलेली एक गोष्ट आम्हाला त्या क्रमांकापेक्षा मोठी वाटते. पुण्यात शिकायला आल्यावर मुसलमान म्हणून खोली मिळेना, तेव्हा त्याने शुभम हे मित्राचे नाव सांगून जागा मिळवली. लॅराबीने अकीलाला बोली बाहेर ठेवायला लावली, इथे पोराला नाव बाहेर ठेवावे लागले. उद्या यावर कोणी चित्रपट काढलाच, तर तो शेवटच्या यादीकडे धावेल की त्या खोलीच्या दाराशी थोडा वेळ थांबेल, यावर त्याचे मोल ठरेल. आमचा अंदाज विचाराल तर धावेल. धावणे विकते.

चित्रपटाचा शेवटही सरळ विकणारा आहे, पण त्यात एक बारीक गाठ आहे. अंतिम फेरीत अकीलासमोर डिलन नावाचा चिनी वंशाचा मुलगा उरतो. त्याचा बाप कठोर, हार म्हणजे अपमान मानणारा. बापाची बोलणी कानावर पडल्याने अकीला मुद्दाम चुकते. ते ओळखून डिलनही मुद्दाम चुकतो. मग दोघे यादीतला एकेक शब्द बरोबर सांगत जातात आणि विजेतेपद वाटून घेतात. चिनी बापाचे चित्र ढोबळ आहे. एका वस्तीला न्याय देताना दुसऱ्या समाजाला साच्यात कोंबण्याची ही खोड आपल्याला चांगली परिचयाची, आपण त्या साच्यात नेहमी असतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा चित्रपट मोहल्ल्यातल्या दहा-बारा मुलांना दाखवला. प्रसंग थांबवून थांबवून आम्ही मराठीत सांगत होतो, मुले आपसात दखनीत बोलत होती. त्यांना कळला की नाही अशी शंका होती. शेवटी सहावीतल्या एका मुलीने विचारले, “दोनो जिते, तो फिर उस डिलन का बाप घर जाके उसकू मार्या क्या?” आम्हाला उत्तर आले नाही. चित्रपटात ते नाही. मुलींमध्ये मग त्यावरून वाद लागला, आणि तो वाद त्या घरी जाईपर्यंत, रस्त्यात, मोठ्या आवाजात चालू होता.