निस्सय, काझी आणि केहिमकरांचा इतिहास

एखाद्या परंपरेचे अध्ययन पूर्ण झाले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. विनयाप्रमाणे उपसंपदा झालेल्या भिक्षूने, तो व्यक्त व समर्थ असल्यास, पाच वर्षे आचार्याच्या निस्सयाने राहावयाचे असते. असमर्थ असल्यास जन्मभर. या निस्सयातून मोकळे होण्यास किमान किती विद्या हवी, हे आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेल्या समन्तपासादिकेत सांगितले आहे. दोन्ही मातिका मुखोद्गत असाव्यात. पक्षदिवशी लोकांना धम्म ऐकविण्यासाठी सुत्तांतील चार भाणवार यावेत. भेटीस आलेल्यांशी बोलण्यासाठी अम्बट्ठसुत्तासारखा एखादा कथामार्ग हाताशी असावा. संघभोजन, मंगलकार्य व अमंगल प्रसंग यांसाठी तीन अनुमोदना याव्यात. उपोसथ-पवारणेचे नियम कळावेत आणि स्वतःच्या साधनेसाठी एक कम्मट्ठान शिकलेले असावे. या यादीत प्रत्येक विषयापुढे त्याचे प्रयोजन दिलेले आहे, आणि शेवटचा विषय सोडल्यास जवळजवळ प्रत्येक प्रयोजनात कोणीतरी समोर बसलेले आहे: उपासक, यजमान, शोकाकुल कुटुंब किंवा संघ.

आज ज्यू अध्ययनासाठी ज्या आंतरराष्ट्रीय विद्यावृत्ती दिल्या जातात, त्यांचा विचार याच कसोटीवर करून पाहण्यासारखा आहे. स्टॉकहोम येथे २००० साली स्थापन झालेली पाइदेइया ही संस्था त्यांपैकी एक. तेथील वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे मूळ ग्रंथांचे वाचन, आणि तेही ‘हेवरुता’ या जुन्या पद्धतीने. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात, एकच उतारा मोठ्याने वाचतात आणि वाद घालतात. ग्रंथ एकट्याने वाचू नये हा विचार आपल्या भाणक-परंपरेलाही परका नाही. परंतु ज्या रायगड जिल्ह्यातून आम्ही लिहीत आहोत, तेथील बेने इस्राएल समाजाचा एखादा मुलगा किंवा मुलगी असा अभ्यासक्रम पुरा करून पदवीसमारंभास उभी राहिली, तर तिची परीक्षा कशात झालेली असेल? बायबल, तालमूद, मिद्राश यांत होईल हे उघड आहे. तिच्या पणजीने मराठीत पाळलेल्या धर्माविषयी मात्र तिला काय विचारले जाईल?

हा प्रश्न या समाजाच्या परंपरेतच मांडलेला आहे. अलिबागजवळ नौगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला आणि पुढे दाविद रहाबी नावाच्या विद्वानाने तेल गाळणाऱ्या व शनिवार पाळणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’ना ओळखले, अशी कथा आहे. रहाबीने तिघांना निवडून धर्म शिकविला. झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील हे तिघे पुढे काझी म्हणून ओळखले गेले. गावोगाव फिरून ते धर्मकृत्ये करीत व तंटे मिटवीत. रहाबी केव्हा झाला याविषयी मतभेद आहेत. केहिमकर त्याला इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीकडे नेतात, तर इतर अनेक अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. आम्हांला दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. कालनिर्णय कसाही लागो, या तिघांचे शिक्षण कोणासाठी होते याविषयी कथेत संदेह नाही.

हायीम सॅम्युएल केहिमकर (जन्म १८३०) यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहिला. तो लेखकाच्या हयातीत छापला गेला नाही. इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी तो संपादून १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध केला. हे ओल्सवांगर संस्कृतज्ञ होते आणि पुढे त्यांनी भगवद्गीतेचे हिब्रू भाषांतर केले. कुलाब्याच्या समाजाचा इतिहास जगापुढे यावयास संस्कृत जाणणारा ज्यू पंडित लागला, हा योगायोग नोंदवून ठेवावा. आज या विषयावर लिहू पाहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती प्रथम हाच ग्रंथ पडतो. म्हणून त्याचे गुणदोष नीट पाहिले पाहिजेत.

ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग सणांविषयीचा आहे. नव्याचा सण, दरफाळणीचा सण, अनाशी धाकण्याचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा, एलीयाहू हन्नाबीचा उरूस अशी नावे केहिमकर देतात आणि हिब्रू पंचांगाशी त्यांचा मेळ घालतात. दरफाळणी म्हणजे दारे लावून घेऊन पाळलेला प्रायश्चित्ताचा दिवस. बिरड्याचा रोजा म्हणजे मंदिराच्या विध्वंसाचा उपवास, जो वालाच्या बिरड्याने सोडला जाई. कोकणी स्वयंपाकघरातून आलेली ही नावे हिब्रू ग्रंथांतून कधीच सापडली नसती. केहिमकरांच्या हेही लक्षात आले की ‘सण’ या शब्दाने संपणारी नावे एका थरातील आहेत, तर ‘रोजा’, ‘उरूस’, ‘रमजान’ हे शब्द मुसलमानी अमलानंतरचे आहेत. भाषेतील थर ओळखून धर्मेतिहास मांडण्याची ही दृष्टी त्या काळच्या मानाने फार पुढची म्हटली पाहिजे.

मात्र या निरीक्षणावर त्यांनी जो इमला उभारला, तो त्या पायावर टिकत नाही. हनुक्काचा सण समाजाला ठाऊक नव्हता, दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसाची स्मृती मूळच्या सणांत नव्हती, म्हणून पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, त्या घटनांच्या आधीच निघाले असले पाहिजेत, असे ते अनुमान काढतात. यात दोन दोष आहेत. एखादी गोष्ट आढळत नाही एवढ्यावरून ती कधी नव्हतीच असे म्हणता येत नाही. पुस्तके व पुरोहित यांच्यावाचून शतकानुशतके राहिलेला समाज पुष्कळ विसरतो. दुसरे असे की नावाचा काळ म्हणजे आचाराचा काळ नव्हे. ‘रोजा’ हा शब्द उशिरा आला म्हणून उपवासही उशिरा आला हे सिद्ध होत नाही. निकायांतील शब्दांवरून सुत्तांचे थर लावणाऱ्यांना हा मोह नेहमीच होतो, म्हणून तो आम्हांला चटकन दिसतो इतकेच.

याहून गंभीर बाब गोरा इस्राएल व काळा इस्राएल या भेदाची. या दोहोंत रोटीबेटी व्यवहार नव्हता. काळे म्हणजे समाजाबाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्यांचे वंशज, असा खुलासा केहिमकर देतात. भोवतालच्या जातिव्यवस्थेची ही हुबेहूब प्रतिकृती आहे. आश्चर्य असे की जो ग्रंथकार सणांच्या नावांतून थर शोधतो, तो येथे एकाच पक्षाच्या वंशकथेवर थांबतो. काळ्यांची बाजू ग्रंथात जवळजवळ ऐकू येत नाही. याचे कारण कळण्यासारखे आहे. मुंबईतील बगदादी ज्यू बेने इस्राएलांच्या शुद्धतेविषयीच शंका घेत होते. आपण शुद्ध आहोत हे बाहेरच्यांना पटवावयाचे, तर आतल्या अशुद्धांना वेगळे काढून दाखवावे लागते. परंतु अशी पुराव्यांची बाजारपेठ एकदा मांडली की तिचे दर दुसराच कोणी ठरवितो. इस्राएलमध्ये गेलेल्या याच समाजाच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करावी असा निर्देश १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने काढला. १९६४ च्या निदर्शनांनंतर त्यातील बेने इस्राएलांचा नामोल्लेख गाळण्यात आला. तोवर शुद्धतेचा दाखला केहिमकरांच्या गोऱ्यांनाही मागितला गेला होता.

येथे अम्बट्ठसुत्त आठवल्यावाचून राहत नाही. शाक्यांना हीन लेखणाऱ्या अम्बट्ठाला भगवान त्याचे कुळ विचारतात, आणि त्याच्या गोत्राचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दासीचा पुत्र होता हे उघड होते. कण्ह म्हणजे काळा. सोबतचे माणवक लगेच अम्बट्ठाला दासीपुत्र म्हणून हिणवू लागतात. तेव्हा भगवानच त्यांना आवरतात आणि हा कण्ह पुढे थोर ऋषी झाला असे सांगतात. वंशाची चिकित्सा अहंकार मोडण्यापुरती करावयाची, दुसरा अपमान निर्माण करण्यासाठी नव्हे, ही मर्यादा त्या सुत्तात आहे. निस्सयमुक्त होणाऱ्या भिक्षूला याच नमुन्याची कथा यावी असे अट्ठकथाकाराला वाटले, हे सहज घडलेले नसावे.

भाषेचा प्रश्न उरतो. केहिमकरांनी इंग्रजीत लिहिले याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचा धम्मग्रंथही इंग्रजीतच आहे. शिवाय केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, हे विसरता येणार नाही. परंतु त्याच पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते, डेव्हिड सॅसून यांच्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते आणि त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. त्याआधी १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले होते. (पश्चिम भारतातील लेण्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत हेच विल्सन होते. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण व्याकरण समाजाच्या उपयोगी पडले.) वल्हांडणाचा हग्गादा १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठीसह छापला गेला. ‘सत्यप्रकाश’ व ‘इस्राएलाश्रम’ ही नियतकालिके निघाली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहामाचे आख्यान लावून कीर्तनाची परंपरा सुरू केली. काझींचे काम मराठीत चालू होते, ते येथे.

अलीकडच्या ग्रंथांत शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ चा आकरग्रंथ आणि जोन रोलंड यांचा १९८९ चा ग्रंथ महत्त्वाचे आहेत. त्यांच्या परिश्रमाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की उत्पत्ती, दर्जा आणि अस्मिता हे केहिमकरांना बाहेरच्यांनी घालून दिलेले प्रश्नच अजून मध्यभागी आहेत. कीर्तनांचा मराठीतून अभ्यास करणाऱ्या अ‍ॅना शुल्ट्झ यांच्यासारखे अपवाद थोडे.

आपल्या विद्यापीठांतील पालि विभागांनी यावर समाधान मानावे असे काही नाही. धर्मानंद कोसंबींना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पन्नास रुपयांची जी वृत्ती दिली, तिच्या दोन अटी होत्या: महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबी पुढे हार्वर्डला गेले, विसुद्धिमग्गाच्या संपादनावर त्यांनी वर्षे घालविली, पण ‘भगवान बुद्ध’ त्यांनी मराठीत लिहिला. आज पालि घेऊन एम. ए. झालेल्या विद्यार्थ्यास विहारात शोकप्रसंगी अनुमोदना म्हणून तिचा मराठीत अर्थ सांगावयास सांगितले, तर किती जण उभे राहतील? प्रश्नपत्रिकेत तो विषयच नसतो.

आमच्या भिसेगावाहून कोंडाणे लेणी जवळच आहेत. तेथे भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ एक ब्राह्मी लेख आहे: ‘कन्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कन्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. इसवी सनापूर्वीचा हा लेख बलकाचा पिता, कूळ वा गाव सांगत नाही. आचार्याचे नाव सांगतो, आणि ते नाव कन्ह आहे.