ओसाड घरांची छायाचित्रे : एक चिकित्सा

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे लांजी हे तहसीलीचे गाव महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून आहे. मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी या भाषा या परिसरात शेजारी शेजारी नांदतात. गावाची दूरवर ओळख आहे ती किल्ल्यामुळे. खंदक, ढासळलेला तट, त्यातून उतरलेली झाडांची मुळे आणि आत माजलेली झाडी असे त्याचे रूप आहे. मोबाईलमध्ये कॅमेरा आल्यापासून अशा जागांची छायाचित्रे काढण्याची हौस सर्वत्र वाढली आहे आणि ती किल्ल्यापाशी थांबत नाही. पडका वाडा, छप्पर उडालेले घर, गंजलेल्या कुलपाचा दरवाजा हे आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे आवडते विषय झाले आहेत. स्नेहसंमेलनातील छायाचित्र प्रदर्शनात यांपैकी निदान दोन-चार चित्रे असतातच. तेव्हा या हौसेत नेमके काय आहे आणि तिच्यात काय सुटून जाते, याचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की हे आकर्षण खोटे नाही. रिकाम्या घरात काळ डोळ्यांना दिसतो. भिंतीवरच्या रंगाचे थर, कोनाड्यातील दिव्याची काजळी, दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजण्यासाठी ओढलेल्या रेघा या गोष्टी नांदत्या घरात कोणी पाहत नाही, आणि पाहुण्याने तर पाहूच नयेत. माजघरापर्यंत परक्याने जाण्याची आपल्याकडे रीत नाही. घर ओस पडले की ही मर्यादा आपोआप उठते आणि ओसरीवरून परत फिरणारा माणूस थेट माजघरात उभा राहतो. या हौसेतील गोडीचा बराच भाग या मोकळीकीत आहे, आणि तिच्याविषयीची पहिली शंकाही येथेच उभी राहते.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे. जुनी मातीची व दगडी घरे आतून काळोखी असत. उन्हाळा सोसण्यासाठी ती तशीच बांधलेली होती. छपरावरची कवेलू सरकली की पाणी आत शिरते, भिंतीची माती सुटते, वासे कुजतात किंवा वाळवी लागते आणि एक दिवस आढे खाली येते. मग वरून ऊन आत पडते. छायाचित्रात जो उजेड सुंदर दिसतो तो घर मेल्याचा उजेड आहे. ज्या घरात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी होते, त्या घरात असा उजेड कधीच येत नाही.

अवशेषांपुढे थांबण्याची ही वृत्ती कॅमेऱ्याबरोबर आली असे मात्र नाही. इस्लामपूर्व अरबी कसीद्याचा आरंभच 'अतलाल'ने होतो. उठून गेलेल्या तळाच्या खुणांपाशी कवी थांबतो, सोबत्यांना थांबवतो आणि येथे कोण राहत होते ते आठवतो. इम्रुल कैसच्या प्रसिद्ध कसीद्याचा प्रारंभ असाच आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा कवी मोघम उसासे टाकत नाही. तो जागांची नावे घेतो आणि गेलेल्या प्रियेचे स्मरण करतो. उर्दूतील 'शहरआशोब' हा प्रकारही असाच आहे. अठराव्या शतकात दिल्लीची वाताहत झाली तेव्हा सौदासारख्या कवींनी जे लिहिले त्यात पडक्या भिंतींपेक्षा माणसे अधिक आहेत. शिपाई, सौदागर, कारागीर, शायर अशा एकेका पेशाची दुर्दशा तेथे वेगवेगळी सांगितलेली असते. शहर उजाडले म्हणजे कोणाकोणाची रोजी गेली, याची ती जवळजवळ यादीच असते.

युरोपातही भग्नावशेषांची आवड जुनी आहे. रोझ मॅकॉले या लेखिकेने 'प्लेझर ऑफ रुइन्स' (१९५३) हा संपूर्ण ग्रंथ या सुखावरच लिहिला. परंतु छायाचित्रणाने या आवडीला जे वळण दिले त्यावरचा खरा वाद अमेरिकेतील डेट्रॉईट शहरासंबंधी झाला. मोटार उद्योगाच्या या शहराची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख होती. २०१० मध्ये ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. त्याच २०१० साली इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या फ्रेंच छायाचित्रकारांचे 'द रुइन्स ऑफ डेट्रॉईट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ओसाड नाट्यगृहे, शाळा, रेल्वे स्थानक यांची ती छायाचित्रे देखणी आहेत याबद्दल दुमत नाही. आक्षेप असा घेतला गेला की त्या पानांत माणूस जवळजवळ नाही, आणि शहरात तर सात लाख लोक तेव्हाही राहत होते. कारखाने का हलले, गोऱ्या वस्त्या उपनगरांत का गेल्या, मागे कोण राहिले, हे चित्र सांगत नाही. ते फक्त सुंदर विषाद देते. हा आक्षेप त्या पुस्तकाला काहीसा कठोर वाटेल, कारण प्रत्येक चित्राने इतिहास सांगावा अशी सक्ती करता येत नाही. तरीही आपल्याकडे ज्या पद्धतीने ही छायाचित्रे काढली व पाहिली जातात, तिला तो पुरेपूर लागू पडतो.

विदर्भ आणि बालाघाट-भंडाऱ्याच्या भागापुरते बोलायचे तर पडक्या वाड्याला पुष्कळदा एक तारीख असते. जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मालगुजार हाच गावाचा धनी असे. मध्य प्रदेश विधिमंडळाच्या १९५० च्या कायद्याने हे मालकी हक्क संपले आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. मालगुजारांकडे सीर व खुदकास्त जमीन राहिली, पण ज्या उत्पन्नावर दोन-दोन चौकांचे वाडे उभे होते ते आटले. पुढच्या पिढ्या शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूर, रायपूर, जबलपूर अशा शहरांकडे गेल्या. वाटण्या झाल्या, शाकारणी राहिली, सागवानी तुळया विकल्या गेल्या. हे सगळे कागदोपत्री सांगता येण्यासारखे असताना छायाचित्राखाली मात्र 'गतवैभव' एवढाच शब्द येतो. वैभव कोणाचे आणि ते कोणाच्या बेगारीवर उभे होते, हा प्रश्न त्या शब्दाने गिळून टाकलेला असतो.

याहून बारीक गोष्ट अशी की छायाचित्रासाठी शिल्लक राहते ते बहुधा श्रीमंताचेच घर. दगड, वीट, चुना आणि सागवान यांचे घर पडायला पन्नास वर्षे घेते आणि या पन्नास वर्षांत ते चित्रमय होते. शेतमजुराचे मातीचे घर सोडले तर काही पावसाळ्यांतच त्याचा ढिगारा होतो आणि पुढे तेथे तण उगवते. त्या घराला अवशेषच नसतो. त्यामुळे गाव सोडून जाणाऱ्यांत मजूर कितीही असोत, ओसाड घरांच्या संग्रहात त्यांचे घर सापडत नाही. धानाचा हंगाम संपल्यावर कामासाठी नागपूर किंवा हैदराबादकडे जाणाऱ्यांची कुलूपबंद घरे तर ओसाडही नसतात. पावसाच्या तोंडाशी ती पुन्हा उघडतात. उत्साही छायाचित्रकार मात्र त्यांनाही 'परित्यक्त' म्हणून मोकळा होतो.

मराठी साहित्यात या विषयाचा सर्वांत खोल वेध महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकाने घेतला आहे. विजया मेहता यांनी १९८५ मध्ये ते रंगमंचावर आणले. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावकर देशपांडे कुटुंब एकत्र जमते, एवढेच त्याचे निमित्त. वाडा पडतो आहे, पण त्यात माणसे राहत आहेत, हा या नाटकाचा मर्म आहे. दाराशी बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. तो छायाचित्रकाराला फार आवडला असता. नाटकात मात्र तो वेगळे काम करतो. हौसेने घेतलेले यंत्र, न झालेली शेती आणि त्यावरून उठणारी बोलणी यांचा तो रोजचा साक्षीदार आहे. दागिन्यांवरून होणारा कलह, तेराव्याचा परवडत नसलेला खर्च आणि घरासाठी झिजत राहिलेला चंदू यांतून वाडा का पडतो आहे हे प्रेक्षकाला एकेका प्रसंगाने कळत जाते. घर आधी आतून रिकामे होते आणि छप्पर नंतर पडते. रिकाम्या चौकाचे छायाचित्र या क्रमातील फक्त शेवटची पायरी दाखवते.

छायाचित्रण हे मुळातच या कामाला अपुरे आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. दयानिता सिंग यांच्या 'प्रायव्हसी' (२००३) या संग्रहात संपन्न घराण्यांतील माणसे त्यांच्या घरांत दिसतात आणि रिकाम्या खोल्याही दिसतात. पण त्या खोल्या 'सापडलेल्या' नाहीत. छायाचित्रकर्ती त्या घरांत ओळखीने गेलेली आहे. त्यामुळे रिकामी खुर्चीदेखील कोणाची तरी वाटते. फरक कॅमेऱ्यात नसून दारातून आत जाण्याच्या रीतीत आहे.

कारण न विचारण्याचा सर्वांत गंभीर परिणाम मराठवाड्यात दिसू शकतो. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या भागात छप्पर नसलेले दगडी घर दिसले तर ते का ओस पडले असेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे यांखाली हजारो माणसे दगावली. पुढे बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि जुनी गावठाणे मागे राहिली. परंतु त्याच भूभागात १९४८ च्या सप्टेंबरमधील पोलीस कारवाईनंतरही घरे रिकामी झाली होती. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळातील हत्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. एका घरावर निसर्गाचा घाला पडला, दुसऱ्यातून माणसे भीतीने गेली. तिसरे कदाचित केवळ मुले पुण्याला गेली म्हणून बंद असेल. मावळतीच्या उन्हात तिन्हींची छायाचित्रे सारखीच येतील. दु:खांची अशी सरमिसळ करणे हा निरुपद्रवी रसिकपणा म्हणता येत नाही.

भुताटकीच्या कथांविषयीही येथे एक शब्द लिहिला पाहिजे. ओसाड वास्तूला 'झपाटलेली' ठरवण्याची टूर सध्या आहे व शिक्षक तिच्यावर साहजिकच नाराज असतात. तथापि जुन्या भूतकथेला निदान नाव असे. शनिवारवाड्याच्या कथेत १७७३ मध्ये मारले गेलेले नारायणराव पेशवे आहेत आणि मारणारेही कोण ते सर्वांना ठाऊक आहे. आजच्या नुसत्या 'रहस्यमय वाड्या'त मारलेलाही नाही आणि मारणाराही नाही. इतपत विचार केला तर भूत बरे म्हणावे लागेल.

या सर्व उदाहरणांत वेगळे पडते ते गोव्यातील सांगे तालुक्याचे कुर्डी गाव. साळावली धरणाच्या पाण्यात हे गाव १९८० च्या दशकात गेले. मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनावातले कुर्डी ते हेच. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात देवळे होती, चॅपेल होते आणि मुस्लिमांचे पीरस्थानही होते. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की गाव वर येते आणि विस्थापित कुटुंबे तेथे जमतात. भिंती उरलेल्या नाहीत, उरली आहेत ती जोती. लोक आपापल्या घराच्या जोत्यावर उभे राहून चूल कोठे होती, विहीर कोठे होती हे मुलांना दाखवतात. सौम्यानंद साही यांच्या 'रिमेंबरिंग कुर्डी' (२०१६) या माहितीपटाने हेच स्मरण टिपले आहे. कुर्डीचे छायाचित्र काढायला बाहेरचे लोकही येतात. पण तेथे चिखलातल्या चौथऱ्याचे नाव सांगणारा माणूस शेजारीच उभा असतो. अरबी कवीने वाळूतल्या खुणांपाशी थांबून जे केले, त्याच्या फार जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

लांजीच्या बाबतीत हे नाव सांगण्याचे काम किती मागे नेता येते पाहावे. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या कलचुरी संवत ८६६, म्हणजे इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला दरवर्षी नजराणा देणाऱ्या मंडलांमध्ये वैरागर आणि भाणारा यांच्याबरोबर 'लांजिका' हे नाव येते. अभ्यासकांनी ते आजचे वैरागड, भंडारा आणि लांजी असे ओळखले आहे. मध्य प्रांतातील कलचुरींचे असे लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. आजचा किल्ला त्यानंतरचा, गोंड काळातील मानला जातो. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा तयार झाला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा तो मध्य प्रदेशातच राहिला. आणि हा किल्ला ओसाड म्हणावा तर लांजकाई देवीच्या दर्शनाला लोक तेथे येतच असतात. मुळांनी वेढलेल्या तटाचे चित्र काढताना ही ये-जा बहुधा चौकटीबाहेर ठेवली जाते, कारण माणूस आला की 'निर्जन' हा भाव बिघडतो.

महाविद्यालयात हा विषय प्रकल्प म्हणून द्यायचा असेल तर चित्राइतकाच त्याखालचा मजकूर तपासावा. तहसिलीच्या अभिलेखांत मिसल आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. मालगुजार कोण होता, आबादी कोठे होती, कोणत्या वहिवाटी होत्या हे त्यांतून कळू शकते. त्यांतील फारसी वळणाचे शब्द उर्दूच्या विद्यार्थ्याला मराठीच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उलगडतील आणि शेतीचे व घरबांधणीचे शब्द दुसऱ्याला. दोघांनी मिळून एका वाड्याचा माग काढला तर एक हंगाम पुरेल. वाड्यात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी लागते हेही त्यांना सांगावे, कारण पडके घर बेवारस नसते आणि कायदाही ते तसे मानत नाही. मालक परगावी असेल तर शेजारी विचारावे. किल्ली बहुतेक वेळा तेथेच ठेवलेली असते, आणि शेवटचा माणूस कधी व का गेला हेही तेथेच कळते.